ओळ कोण देणार?

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.कॉम., तेही एकदाही न अडकता. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ती पदवी अण्णांच्या शिलाई मशीनची आहे आणि आईच्या काज-बटणांचीही आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळूरच्या चिकपेटमधल्या एका बोळात त्यांचं टेलरिंगचं दुकान आणि दुकानाच्या डोक्यावर आमचं घर. आता मी ऑफिसात जाते, गळ्यात ओळखपत्र अडकवते, आणि घरी इंग्रजीत काहीही आलं की ते वाचायचं काम माझ्याकडं. त्यामुळं पुरस्कारांचा मेल सगळ्यात आधी वाचला तो मीच, आणि वाचून जिन्यावरूनच ओरडले ती पण मीच.

संगीतवाल्यांचा दरवर्षी मोठा समारंभ होतो. त्यात यंदा समूहानं गायलेल्या गाण्यांच्या बक्षिसासाठी जी नावं काढली होती, त्यात आमच्या बोळातलं बायकांचं भजनी मंडळ होतं. खाली एक सूचना होती. जिंकलात तर स्टेजवर येऊन त्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवायच्या.

"दोन ओळी?" अण्णांनी खालून विचारलं. "तुझ्या आईला रात्रभर म्हणायला सांगा म्हणावं."

पण आईचा चेहरा पडला. का पडला ते सांगायचं तर आधी मंडळाचं सांगायला पाहिजे.

आमचं मंडळ म्हणजे बोळातल्या शिंप्यांच्या घरांतल्या बायका. बहुतेकींची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, त्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या आमच्या वरच्या खोलीत जमतात. या मंडळाचा एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्यापेक्षा पक्का आहे. ओळ मोठ्या अक्का देणार, बाकीच्यांनी ती धरायची. मोठ्या अक्का म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचा आवाज मांजरपाटाचं कापड टर्रकन फाडावं तसा, सरळ आणि एकदम. त्या एक ओळ म्हणतात, मग हाताचा तळवा आमच्याकडं उलटा करतात, म्हणजे आता तुम्ही. की सगळ्या ती ओळ धरतात, म्हणजे मागनं तीच किंवा तिच्या जोडीची म्हणतात. मोठ्या अक्का गावाला गेल्या की त्या शुक्रवारी टाळ खुंटीवरच राहतात. बायका येतात, कॉफी पितात, सुनांच्या नावानं बोटं मोडतात आणि घरी जातात. पण ओळ कुणी देत नाही.

आता ते गाणं बक्षिसापर्यंत कसं पोचलं, तेही ऐका. जयनगरमधली एक मुलगी अण्णांकडं ब्लाऊज शिवायला यायची. दिवसा कॉम्प्युटरवर काम, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींबरोबर गाणी बनवायची. अण्णांनी सांगितलेल्या तारखेला ब्लाऊज तयार नव्हता. कुठल्या टेलरचा असतो? ती दुकानात बसून राहिली आणि वरून तिच्या कानावर आमच्या बायकांचं गाणं पडलं. ते भजन नव्हतं. भजन संपल्यावर त्या एक जुनं गाणं म्हणतात, पूर्वी काज-बटणं करताना म्हणायचं, कुणी रचलं कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या अक्का म्हणतात, "सुई पुढं गं, सुई पुढं," आणि बाकीच्या धरतात, "दोरा येतो मागं मागं." मुलगी जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली. ब्लाऊज राहिला बाजूला. हे गाणं आमच्या स्टुडिओत येऊन म्हणाल का, असं तिनं कन्नडमध्ये विचारलं. बायका लाजून हसल्या आणि हो म्हणाल्या.

पण रेकॉर्डिंगचा दिवस ठरला आणि नेमक्या मोठ्या अक्का लेकीच्या बाळंतपणाला हुबळीला गेल्या. आता काय? तेव्हा तोड काढली माझ्या काकूनं. काकू म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"ओळ ती पोरगी देणार, आपण नुसती धरायची," काकू म्हणाली. "नियम मोडला काय? नाही मोडला. सरी, चला!"

गेल्या सगळ्या. कानाला ते मोठाले हेडफोन लावून, डोळे मिटून गायल्या. काकू म्हणे त्या खोलीत स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो, त्यामुळं तिला पहिल्यांदाच गप्प बसावंसं वाटलं.

गाणं बाहेर आलं तेव्हा मात्र त्यात मुलीचा आवाज नव्हता. माझा आवाज तिथं उसना वाटत होता, म्हणून काढून टाकला, असं तिनं सांगितलं. जिथं ओळ द्यायची तिथं नुसता ढोलकीचा ठेका, जागा मोकळी, आणि मग एकदम आमच्या बायका, "दोरा येतो मागं मागं." ऐकताना अंगावर काटा यायचा. लोकांना तेच आवडलं.

मोठ्या अक्का हुबळीहून आल्यावर त्यांना मी माझ्या फोनवर ऐकवलं. त्यांनी फोन कानाशी धरला.

"ओळ कुणी दिली?"

"त्या मुलीनं. पण नंतर तिनं ती काढून टाकली."

त्यांनी परत एकदा ऐकलं. "मग इथं हे मोकळं मोकळं काय आहे?"

 मोठ्या अक्कांनी फोन माझ्या हातात दिला. "बरं झालंय," म्हणाल्या, आणि कॉफी मागितली. राग आला होता की नाही, कुणालाच कळलं नाही. आईला ते फार लागून राहिलं.

तर आता हा मेल. त्या शुक्रवारी मी तो सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. आनंद झाला, टाळ वाजले, अण्णांनी म्हैसूरपाक मागवला. आणि मग काकूनंच ते विचारलं. "जिंकलो तर म्हणायचंय. ओळ कोण देणार?"

सगळ्यांनी मोठ्या अक्कांकडं बघितलं.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "मी त्या गाण्यात आहे काय? ज्या पंगतीत जेवले नाही तिथला विडा मी खाऊ? मी बघायला येईन. टाळ्या वाजवीन."

"अक्का, असं काय करता..."

"रागानं नाही ग म्हणत. खरं ते म्हणते."

मी त्या जयनगरच्या मुलीला फोन लावला, तूच दे म्हटलं. ती म्हणाली, ती जागा तुमची आहे, मी गिटार वाजवीन पण त्या जागेत येणार नाही. मग सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. मंडळात मोठ्या अक्कांच्या शेजारी आई बसते. तिचा आवाज बारीक, पण वर चढला की खिडकीबाहेरची कबुतरंसुद्धा गप्प होतात. मी मुलगी म्हणून बोलत नाही, कबुतरं खरंच गप्प होतात.

"मी?" आई म्हणाली. "अक्का समोर बसल्यात आणि मी ओळ देऊ? जीभ झडेल माझी."

"मग त्या मोकळ्या जागेत काय करायचं, ताई?" काकू म्हणाली. "हात जोडून उभं राहायचं? लोकांना वाटेल वर्गणी मागायला आलो."

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. रात्रीची भांडी आवरताना ती मला म्हणाली, "मी निपाणीकडून लग्न होऊन आले तेव्हा या बोळात कोण काय बोलतंय ते मला कळत नव्हतं. अक्कांनी हाताला धरून शेजारी बसवलं, टाळ दिले. मला बसायला जागा त्यांनी दिली. आता त्यांच्याच जागेवर बसू?"

मी ताटं पुसून फळीवर लावली. पण एक सांगते. त्या दिवसांत मी ऑफिसातून आले की स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज यायचा आणि नळाच्या आवाजाखाली "सुई पुढं गं..." माझी चप्पल वाजली की नळ बंद, गाणं बंद.

"काय म्हणत होतीस?"

"कुठं काय? भांडी घासते."

समारंभासाठी अण्णांनी एकाच ताग्यातून सगळ्यांचे राणी रंगाचे ब्लाऊज शिवले. साड्या जिच्या तिच्या. आईनं माझ्या पदवीदानाला नेसलेली मोरपंखी काढली. मोठ्या अक्कांचं माप अण्णांना पाठ, त्यांचाही ब्लाऊज त्यांनी न विचारता शिवला. या वेळी सगळे तारखेच्या आधी तयार होते, हे बोळाच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. पण मोठ्या अक्का आल्या त्या आपला हिरवा ब्लाऊज घालून. "राणी रंग जिंकायला निघालेल्यांचा," म्हणाल्या. "मी प्रेक्षक."

आम्ही मेट्रोनं गेलो. चिकपेट स्टेशनवर काकूची पिशवी मशीनमधून गेली आणि शिपायानं ती उघडायला लावली. आतून टाळ निघाले.

"एनिदु?" हे काय म्हणून त्यानं विचारलं.

"ताळ. भजनाचे," काकू तोऱ्यात म्हणाली. "बक्षीस आणायला निघालोय."

त्यानं टाळ हातात घेऊन एकदा वाजवून बघितले, स्वतःशीच हसला आणि जा म्हणून हात केला, "सरी, होगि अम्मा." मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, शकुन चांगला झाला.

हॉल यशवंतपूरच्या पुढं. आत इतका गारठा की बायकांनी पदर लपेटून घेतले. खुर्च्या अशा मऊ की काकू बसली ती दिसेनाशीच झाली. समोर दिवे, धूर, आणि एकामागून एक जिंकणारे. बासरीवाला आला, नाचऱ्या गाण्यांचा गाणारा आला, कुणी गाण्यांचं रेकॉर्डिंग साफ करतो म्हणून त्याला मिळालं. एक ड्रमवाला स्टेजवर येऊन म्हणाला की हे बक्षीस माझ्या शेजाऱ्यांचं, त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. मी हे मराठीत सांगितलं तशी मोठ्या अक्का म्हणाल्या, "लायक आहेत शेजारी. त्यांनाही वर बोलवा की." एक उंच गायक रडत रडत आईचे आभार मानायला लागला. "हा बघ," मोठ्या अक्का म्हणाल्या, "पाठवणीला नवरी रडत नाही एवढा रडतोय." पण डोळे त्यांचेही ओले होते.

आमच्या बायकांना सुट्या टाळ्या वाजवता येत नाहीत. हात आपोआप ठेका धरतात. प्रत्येक जिंकणाऱ्यासाठी आमच्या रांगेतून भजनाच्या ठेक्यात टाळ्या जायच्या, आणि थोड्या वेळानं बघते तर पुढच्या रांगेतली सूटबूट घातलेली माणसंही तसाच ठेका धरून बसलेली.

मग आमचा नंबर आला. मी मोठ्या अक्कांच्या शेजारी, हाताच्या मुठी आवळून. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पाकीट उघडलं आणि मंडळाचं नाव वाचलं, आमच्या बोळासकट वाचलं. मी किंचाळले. आणि कुणीच उठेना. सगळ्या माना वळवून मोठ्या अक्कांकडं बघत बसलेल्या. त्या उठल्याशिवाय कोण उठणार?

"माझ्याकडं काय बघता?" मोठ्या अक्का खेकसल्या. "बक्षीस तुम्हाला आलंय. उठा!"

तेव्हा कुठं उठल्या. ट्रॉफी घ्यायला एका प्रतिनिधीनं वर यावं, बाकीच्यांनी नंतर गाण्यापुरतं, असं मेलमध्ये होतं. मी ते वाचूनही दाखवलं होतं. पण एक उठली तशा सगळ्या उठल्या, आणि राणी रंगाची ती रांग पदर सावरत स्टेजवर चढली. बाईंना मागं सरकावं लागलं. ट्रॉफी काकूच्या हातात पडली, तिनं ती डोळ्यांना लावून पुढच्या बाईकडं दिली, तिनं डोळ्यांना लावून पुढं दिली. देवाची आरती फिरते तशी ती फिरली आणि फिरून परत काकूकडं आली. हॉलमधले लोक हसत होते, पण चांगलं हसत होते.

जयनगरची ती मुलगी गिटार घेऊन बाजूला उभी राहिली. तिच्या मित्रानं ढोलकीवर ठेका धरला. आणि ती मोकळी जागा आली.

कुणी काही म्हणालं नाही.

ठेका फिरून आला. परत मोकळी जागा. आई माईकसमोर होती, नुसती उभी. बायका ओळीची वाट बघत होत्या. नसलेली ओळ धरायची कशी? लोकांना वाटलं गाण्यात असंच आहे. त्यांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. मला मात्र घाम फुटला त्या गारठ्यात.

आई खाली बघत होती, सरळ मोठ्या अक्कांकडं. मी पण त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या गळ्याची शीर हलली. ओळ वरपर्यंत आली होती, मला दिसली. त्यांनी पदराचं टोक घेऊन तोंडावर दाबून धरलं. आणि दुसरा हात वर उचलला, आईला दिसेल असा, आणि तळवा उलटा केला. दर शुक्रवारी करतात तसा. आता तुम्ही.

आईनं डोळे मिटले.

"सुई पुढं गं, सुई पुढं."

नळाखालचा आवाज नव्हता तो. तो त्या सगळ्या हॉलवरून गेला आणि मागच्या भिंतीला जाऊन लागला. टाळ्या थांबल्या. आणि आमच्या बायका? त्या इतक्या चकित झाल्या की धरायचंच विसरल्या! सगळ्या वळून आईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. काकू तर ट्रॉफी पोटाशी धरून तोंड उघडं टाकून उभी. आईची ओळ तशीच हवेत लोंबकळत राहिली. आईचा चेहरा उतरायला लागला.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणी मांजरपाट फाडला.

"दोरा येतो मागं मागं!"

मोठ्या अक्का. बसल्या जागेवरून, माईक नाही, काही नाही. मी जन्मल्यापासून त्यांना ओळ देताना ऐकलंय. धरताना पहिल्यांदा ऐकलं. सगळा हॉल वळून आमच्याकडं बघायला लागला. आईनं डोळे उघडले, तिला हसू फुटलं, आणि हसत हसतच तिनं पुढची ओळ दिली. या वेळी वरून सगळ्या आणि खालून मोठ्या अक्का, सगळ्यांनी मिळून ती धरली. दोन ओळी म्हणायच्या होत्या. अख्खं गाणं झालं. कुणी थांबवलं नाही. तो रडका गायक उभा राहून ठेका धरत होता आणि परत रडत होता.

खाली आल्यावर आई सरळ मोठ्या अक्कांसमोर गेली आणि वाकायला लागली.

"स्वल्प थांब," मोठ्या अक्का म्हणाल्या. "सूर केवढा वर लावलास ग? धरताना दम लागला मला."

"चुकलं अक्का. पुढच्या वेळी खाली लावू?"

"नको." त्यांनी आईच्या खांद्यावरचा पदर नीट केला. "तिथंच राहू दे. मागं म्हणायला एवढा दम लागतो हे मला कुणी सांगितलं नाही कधी."

"विचारलं कुठं तुम्ही?" काकू म्हणाली, आणि मोठ्या अक्कांनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

परतीच्या मेट्रोत ट्रॉफी अनोळखी माणसांच्या हातांतून फिरत होती. आता ती दुकानात असते, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या फळीवर, आणि अण्णा येता-जाता तिच्या गळ्यात टेप अडकवतात. गिऱ्हाईकानं विचारलं की आधी ते ट्रॉफीचं सांगतात, मग माझ्या पदवीचं. पूर्वी माझी पदवी पहिली असायची. चालेल मला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम ऑफिसातून लवकर निघाले. खोली भरलेली. मोठ्या अक्का आपल्या जागेवर, शेजारी आई. मोठ्या अक्कांनी राणी रंगाचा ब्लाऊज घातला होता. अण्णांनी तो खालूनच बघितला असावा, कारण कॉफी घेऊन ते स्वतः वर आले. भजनं झाली, ओळी मोठ्या अक्कांनीच दिल्या, नेहमीसारख्या. शेवटी सुई-दोऱ्याचं गाणं आलं. मोठ्या अक्कांनी टाळ हातात घेतले आणि गप्प बसल्या. सगळ्या वाट बघत राहिल्या.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "द्या की कुणीतरी."

 आणि मग आईनं, काकूनं, कोपऱ्यात बसणाऱ्या, कधी न बोलणाऱ्या एका मावशींनीसुद्धा, सगळ्यांनी एकदमच ओळ दिली. "सुई पुढं गं, सुई पुढं!" खिडकीवरची कबुतरं फडफडून उडाली.

धरायला कुणी उरलंच नाही. मोठ्या अक्का टाळ मांडीत टाकून हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं बायांनो," त्या म्हणाल्या, "सगळ्याच सुया झाल्यावर शिवायचं कसं?"